रिंग खात्यातले आबा

आबांचा आवाज आमच्या घराला फार मोठा होता. ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातलं ते भाड्याचं घर लाकडी फळ्यांचं, एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतलं माणूस दचकायचं. आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांची, सगळी हयात नागपूरच्या कापडगिरणीत गेलेली. सूत कातणाऱ्या हजारो चात्या एकदम फिरत असताना शेजारच्या माणसाला हाक मारायची म्हणजे छातीतून आवाज काढावा लागतो. गिरणी सुटली तरी तो आवाज सुटला नव्हता. चहात साखर कमी आहे हेसुद्धा ते असं सांगायचे की कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण वळून बघायची. आई खिडकी लावून घ्यायची. पप्पा म्हणायचे, "आबा, हळू." आबा दोन वाक्यं हळू बोलायचे आणि तिसऱ्याला पुन्हा गिरणीत जायचे.

ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मी नऊ वर्षांची असताना आम्ही ख्राइस्टचर्चला आलो, त्यामुळे माझं मराठी शाबूत होतं. पण शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास तोंडातून इंग्रजीच यायचं आणि आईला राग यायचा. आबा आल्यावर ते थांबलं. विमानतळावर त्यांच्या पेटीतल्या सांडग्या मिरच्या आणि जवसाची चटणी तिथल्या बाईने काढून घेतली, आणि आबांनी तिला अगदी सावकाश, शब्द जुळवत, इंग्रजीत सांगितलं होतं की मॅडम, हे माझ्या सुनेसाठी आहे, हे विष नाही. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी ते पप्पांच्या शाळेच्या पुस्तकांतून, पप्पांच्या मागे बसून शिकले होते. आमच्याकडे रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून, बोट फिरवत, ओठ हलवत ते दोन तास वाचायचे. अडलेला शब्द माझ्यासाठी ठेवायचे. शाळेतून आले की मी तो मराठीत सांगायचे, आणि मग ते त्या शब्दावरून गिरणीतली काहीतरी गोष्ट काढायचे. आई ज्वारीच्या पिठाच्या शोधात निम्मं शहर पालथं घालून शेवटी गव्हाच्याच जाड पोळ्या करायची, आणि आबा त्याला भाकर म्हणून खायचे, 'साजरी झाली' म्हणजे छान झाली म्हणायचे. सोबत पातोडीची भाजी असायची, तिखटजाळ. ती खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते समाधानाने नाक पुसायचे.

घरात दोन गोष्टी होत्या ज्यांच्याबद्दल आम्ही बोलत नसू. हॉलमध्ये शेकोटीच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती आणि वर भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या माणसांच्या प्रत्येक घरात असतो. शनिवारी केतकीच्या घरचे जेवायला येणार असले की आई फोटो काढून बेडरूममध्ये ठेवायची. मूर्ती तिथेच राहायची, कारण बुद्ध इथल्या गोऱ्या लोकांच्या बागेतही असतो, त्यावरून कुणी काही ओळखत नाही. केतकी माझ्याच वर्गात होती, पुण्याची. तिच्या आईने पहिल्याच भेटीत आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पप्पांचं आडनाव गावावरून पडलेलं आहे हे ऐकून 'अच्छा' म्हणून थांबली. त्या 'अच्छा'वर आमची मैत्री तीन वर्षं चालली होती. आबा आल्यावर पहिल्या शनिवारी आईने फोटो हलवला तेव्हा आबा नुसते रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. त्या दिवशी ते हळू बोलले.

शाळेत आम्हाला त्या वर्षी अमेरिकेचा इतिहास होता. कापूस, गुलामी आणि कारखाने. मिस्टर हॅरिस हे आमचे शिक्षक, तरुण, उत्साही, बाह्या वर सारून शिकवणारे. दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस उत्तरेच्या गिरण्यांत जायचा, तिथे शेतकऱ्यांच्या मुली तो कातायच्या आणि विणायच्या, आणि त्यातलंच जाडंभरडं कापड परत दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जायचं, हे त्यांनी फळ्यावर गोल बाण काढून दाखवलं. सरकी काढायचं यंत्र निघालं तेव्हा गुलामांचं काम कमी व्हायला हवं होतं. उलट कापूस जास्त पेरला गेला आणि माणसं जास्त विकली गेली. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मग त्यांनी ठरवलं की आठवडाभर आपण हे जगून बघायचं. एका टोपीत चिठ्ठ्या. उत्तरेकडच्या टेबलावर गिरणीमालक आणि सूत वळणाऱ्या मुली, त्यांना बसायला खुर्च्या. दक्षिणेकडे मळेवाले, मुकादम आणि गुलाम. सुपरमार्केटातून आणलेल्या कापसात सरांनी सरकी म्हणून मसूर मिसळली होती. गुलामांनी उभं राहून ती वेचायची, परवानगीशिवाय बोलायचं नाही, जागा सोडायची नाही. दिवसाअखेर ज्या मळ्याचा कापूस सर्वांत स्वच्छ, त्या मळेवाल्याला आणि मुकादमाला चॉकलेटचा मासा. इथे कुठल्याही शाबासकीला तो मासाच देतात, आत गुलाबी गोळा असलेला. केतकीला मळेवाल्याची चिठ्ठी आली. मला मुकादमाची. लूपे नावाची सामोअन मुलगी आमच्या मळ्यावर गुलाम झाली.

लूपे माझ्याशी कधीच वाईट वागली नव्हती. ती नेटबॉल खेळायची, उंच, रुंद खांद्यांची, वर्गात मागे बसायची आणि क्वचित बोलायची. पहिल्या दिवशी, सोमवारी, मी तिचा ढीग तपासला, एक मसूर सापडली, आणि मी सबंध ढीग पुन्हा न वेचलेल्या कापसात मिसळून टाकला. वर्ग हसला. सरांनी हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. त्या हसण्याची चव मला अजून आठवते. सात वर्षं मी त्या वर्गांमध्ये अशी होते की कुणी हसू नये, कुणी काही विचारू नये, डब्यातला वास कुणाला येऊ नये. आणि आता मी बोट दाखवायचे आणि सगळे त्या बोटाकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी मी तो ढीग दोनदा उधळला. केतकीने माझ्या कानात सांगितलं की तू हे काम जन्मजात केल्यासारखं करतेस. दोन्ही दिवस मासा आम्हालाच मिळाला.

तिसऱ्या दिवशी लूपेने हात वर केला. तिला बाहेर जायचं होतं. नियम असा की मुकादमाने सोडायचं. मी म्हटलं, ढीग झाल्यावर. तिने पाच मिनिटांनी पुन्हा हात वर केला. मी पुन्हा तेच म्हटलं. तिने सरांकडे पाहिलं; सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काहीच केलं नाही, कारण धडा रंगला होता. ती वीस मिनिटं दोन्ही पाय जुळवून उभी राहून मसूर वेचत होती. घंटा झाल्यावर तिने जर्सी काढून कमरेभोवती बांधली, गाठ मारली आणि भिंतीला पाठ लावून लावून दारापर्यंत गेली. तेव्हा मला कळलं. मीही मुलगी होते, मला आधीच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर अर्धवट कळलंही होतं.

आज हे लिहिताना माझी मुलगी मी तेव्हा होते त्याच वयाची आहे. ती विचारते, तुला कुणी भाग पाडलं होतं का? मी नाही म्हणते. ती उठून जाते.

त्या संध्याकाळी जेवताना मी चॉकलेटच्या माशाबद्दल सांगितलं, जर्सीबद्दल नाही. मी मुकादम झाले, म्हटलं, आणि आमचा मळा पहिला आला. आबांनी घास खाली ठेवला. त्यांनी विचारलं की त्या अमेरिकेत कापूस वेचणारा कोण आणि विणणारा कोण. मी सरांचे गोल बाण बोटाने ताटात काढून दाखवले. आबांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिकडे उत्तर-दक्षिणेची लढाई लागली आणि कापूस येईना, म्हणून इंग्रजांनी आपल्याकडे वऱ्हाड-नागपुरात कापूस वाढवला, आणि मागाहून गिरण्या आल्या, आणि त्या गिरणीत त्यांचा बाप गेला आणि मग ते गेले, असं ते म्हणाले. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. गिरणीत त्यांना रिंग खात्यातच, म्हणजे सूत कातायलाच, घेत. मागावर, ज्याला ते साचा म्हणायचे, तिथे पगार बराच जास्त. पण तिथे आमच्या माणसाला पाय ठेवू देत नसत.

"काहून, मालूम हाय?" आबांनी मला विचारलं आणि उभ्या सुतांतून आडवं सूत नेणारा धोटा हाताने इकडून तिकडे पळवून दाखवला. "सुताची कांडी बदलली का धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढा लागे. आमचा थुका त्याईच्या सुताले लागला असता. मंग ते बाकीच्याईनं तोंडात कसं घेतलं असतं?"

पप्पा म्हणाले, आबा, ते सगळं तिकडेच राहू द्या. आईने विषय बदलायला भात वाढला. आबा पुढे बोलत राहिले, की साच्याच्या खात्याच्या दारात उभं राहून त्यांनी कितीदा बघितलं होतं, कापड कसं वाढत जातं, बोटभर, वीतभर. बत्तीस वर्षं सूत काढलं आणि एक वीत कापड विणलं नाही. मी हे ऐकत होते, आणि माझ्या मनात एवढंच आलं की हे सरांना सांगितलं तर मला जादा गुण मिळतील. म्हणजे सगळं नाही. गिरणीपुरतं.

सर खूश झाले. खऱ्या कापडगिरणीतला माणूस वर्गात येणार. शुक्रवारचा तास ठरला आणि दुभाषी म्हणून मी. आबांनी कोट झाडला, सदऱ्याला स्वतः इस्त्री केली, कॉलरवर पाण्याचा हात फिरवून पुन्हा केली. आईने निघताना त्यांना बाजूला घेऊन विनवलं की ते खात्याचं तेवढं सांगू नका, वर्गात केतकी आहे. आबा म्हणाले, बरं. ते खोटं बोलत नव्हते. कुणी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं.

सुरुवात चांगली झाली. ते भोंग्याबद्दल बोलले, पाळ्यांबद्दल बोलले, कापसाची पिंज केसांत आणि भुवयांत बसून सगळी माणसं म्हातारी कशी दिसायची ते बोलले. तुटलेलं सूत दोन बोटांत कसं जोडायचं हे त्यांनी हवेत करून दाखवलं, आणि मुलं खुर्च्यांवर पुढे सरकली. त्यांचा आवाज मोठा होता, पण त्या मोठ्या खोलीत तो शोभत होता. मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होते आणि मला अभिमान वाटत होता. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांसाठी होती. लूपेने हात वर केला. बाहेर जायची परवानगी मागणं सोडलं तर सोमवारपासून ती त्या तासाला पहिल्यांदाच बोलत होती. तिने माझ्याकडे न बघता थेट आबांना विचारलं की तुम्हाला तिथे गुलामासारखं वागवलं का.

मी प्रश्न मराठीत सांगितला. मग ते म्हणाले की नाही, गुलाम म्हणता येणार नाही, पगार मिळायचा, सोडून जायची मोकळीक होती. आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं. रिंग खातं, साचा, धोटा, सूत, थुका. आईला दिलेला शब्द ते विसरले नव्हते. सरळ विचारलेल्या प्रश्नाला ते सरळ उत्तर देत होते, एवढंच. वर्ग माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या रांगेत केतकी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती.

मी सांगितलं, "ते म्हणतात, नाही. सगळे पगारी होते, आणि सगळे एका कुटुंबासारखे राहायचे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या उत्तराचं एवढंसं इंग्रजी कसं झालं असा तो चेहरा नव्हता. त्यांना 'कुटुंब' या अर्थाचा इंग्रजी शब्द येत होता. तेवढ्यात केतकी म्हणाली, "सर, ते असं नाही म्हणाले."

तिने सगळं सांगितलं. मी आजवर इतकं नेमकं भाषांतर ऐकलेलं नाही. तिने धोट्याला बरोबर शब्द वापरला, तोंडाने ओढायची कृती ओठांनी करून दाखवली, पगारातला फरकही सोडला नाही. मग तिने स्वतःचं जोडलं, अगदी सहज, सुट्टीत पाहिलेल्या किल्ल्याबद्दल सांगावं तसं. सुजाताचे लोक त्या जातीचे आहेत, माझ्याकडे बघून ती म्हणाली, म्हणून ती लाजते. माझ्या आजीकडे अशा लोकांसाठी अजून वेगळा कप आहे. पण मला स्वतःला काही वाटत नाही.

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावरच्या गोल बाणांशेजारी 'जात' हा शब्द इंग्रजीत लिहून त्याखाली रेघ मारली. त्यांना वाटलं, तासाला आता खरा अर्थ आला. मागून एक मुलगा म्हणाला, म्हणजे यांच्या थुंकीमुळे? कुणीतरी शी केलं, आणि हसू पसरलं, सोमवारी पसरलं होतं तसंच.

"तू काय सांगतलं त्याईले?" आबांनी मला विचारलं. हळू विचारलं. मी खाली बघत राहिले. ते केतकीकडे वळले. "बरोबर सांगतलं, पोरी," ते म्हणाले. मग वर्गाकडे तोंड करून, कोटाचं बटण लावून, त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत एवढंच म्हटलं की माझ्या हाताला परवानगी होती, माझ्या तोंडाला नव्हती. नमस्कार केला. टाळ्या वाजल्या, सरांनी सुरू केल्या म्हणून वाजल्या.

घरी जायला आम्ही बस घेतली. आबांनी ड्रायव्हरला इंग्रजीत स्टॉप सांगितला, आणि मग मला इंग्रजीतच म्हणाले, तू खिडकीशी बस. मला वाटलं चुकून. त्या भरात इंग्रजीच आलं असेल. घरी ते आईशी मराठीत बोलले, भाषण छान झालं म्हणाले, पप्पांशी मराठीत बोलले. रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे लोणच्याची बरणी सरकवत त्यांनी विचारलं, "यू वॉन्ट?" पप्पा हसले. आबांना नातीबरोबर इंग्रजी सुधारायचंय, असं त्यांना वाटलं.

सोमवारी शाळेत कुणीतरी पाण्याच्या नळाशी मला पुढे जायला सांगितलं आणि मग मागची सगळी रांग दुसऱ्या नळाकडे वळली. ते आठवडाभर चाललं. मारलं नाही, नावं ठेवली नाहीत, नुसता खेळ. खेळाच्या तासाला लूपे माझ्या शेजारी बसली होती, दम लागलेला, बाटली अर्धी प्यायलेली. मी तिच्या बाटलीकडे बघितलं असेल. तिने झाकण लावलं, घट्ट फिरवलं आणि बाटली पिशवीत ठेवली. ती हसली नाही. हसली असती तर मला सोसायला सोपं गेलं असतं. केतकी मात्र पूर्वीसारखीच वागायची, वह्या मागायची. फक्त शनिवारी तिच्या घरचे येईनासे झाले आणि गणपतीला त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. आईला शाळेतली गोष्ट कधी कळली मला ठाऊक नाही. एक दिवस तिने फोटोच्या खिळ्याला आणखी दोन घाव घातले आणि त्यानंतर फोटो कधी उतरवला नाही.

वर्षअखेरच्या शेऱ्यात सरांनी लिहिलं की या विषयात मी विलक्षण समरस झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी झालेल्या भूकंपात शाळेची ती इमारत कामातून गेली आणि नंतर पाडली. ती मोकळी झालेली जागा बघायला गावातले जुने विद्यार्थी रडत गेले. मी गेले नाही.

त्या शुक्रवारनंतर आबांचे आमच्याकडचे दोन महिने राहिले होते. त्या दोन महिन्यांत ते माझ्याशी एकही मराठी शब्द बोलले नाहीत. अबोला नव्हता तो, त्यात राग नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गुड मॉर्निंग. युअर टी इज कोल्ड. गो, स्टडी. वर्तमानपत्रातले अडलेले शब्द आता ते शब्दकोशात बघायचे. गिरणीच्या गोष्टी ते आईला सांगायचे, ती भांडी घासताना, आणि मी दारात आले की तिथेच थांबायचे, मला बसायला जागा करून द्यायचे आणि विचारायचे, हाऊ वॉज स्कूल. एका दुपारी नॉर-वेस्टर सुटला होता, तो कोरडा गरम वारा, घराच्या फळ्या करकरत होत्या, आई बाहेर गेली होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, आबा, माझं चुकलं, मला लाज वाटली, माझ्याशी बोला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथे होता. "नो सॉरी," ते म्हणाले. "आय अंडरस्टँड इंग्लिश. यू नीड नॉट टेल फॉर मी."

मी तेव्हा त्याला शिक्षा समजले. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं की त्यांनी माझ्यावर दया केली, मला पुन्हा दुभाषी म्हणून त्या जागी उभं राहावं लागू नये म्हणून. आता वाटतं, दोन्ही असेल. दया इतकी क्रूर असू शकते हे सोळाव्या वर्षी कळत नाही.

पुढच्या वर्षी नागपूरहून काकाचा फोन आला. आबांच्या फुप्फुसात बत्तीस वर्षांची पिंज बसलेली होती, ती आता श्वास घेऊ देत नव्हती. पप्पांचं तिकीट रविवारचं होतं. पप्पा त्यांच्याशी बोलले तेव्हा मी शेजारी उभी होते. फोनमधून आबा ऐकू येत होते, पेरूच्या झाडाबद्दल, डॉक्टरच्या पोरसवदा मिशीबद्दल, धाप लागत लागत. मग पप्पांनी फोन माझ्याकडे दिला.

"हॅलो," आबा म्हणाले. "आय ॲम फाइन. कोल्ड देअर?"

मी ठरवून ठेवलेलं सगळं मराठीत बोलले. परीक्षा झाली म्हटलं, आईने भाकरी केल्या म्हटलं, खऱ्या ज्वारीच्या, ऑकलंडहून पीठ मागवून. तुम्ही लवकर बरे व्हा म्हटलं. आणि म्हटलं, आबा, एकदा माझ्याशी मराठीत बोला.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. "स्टडी वेल."

त्यांनी फोन काकाकडे दिला. काका बोलायला लागायच्या आधी, फोन या हातातून त्या हातात जाताना, मला त्यांचा आवाज आला. ते काकाला सांगत होते, "पोरगी अजून साजरं मराठी बोलते."